चेकॉव्हच्या ‘वांका’ला नाताळची कथा म्हणावे का?

बोरी (अमळनेर)

नमस्कार. आमच्या वाचनमंडळात दर महिन्याला एका परभाषेतील कथेवर चर्चा होते. डिसेंबरच्या बैठकीसाठी नाताळची कथा निवडायची होती, म्हणून मी अंतोन चेकॉव्हची ‘वांका’ सुचवली, आणि बैठक व्हायच्या आधीच तिच्यावरून मतभेद सुरू झाले. ज्यांनी ती वाचलेली नाही, किंवा वाचून पुष्कळ वर्षे झाली आहेत, त्यांच्यासाठी कथेचा गाभा सांगते. वांका झुकोव्ह या नऊ वर्षांच्या पोरक्या मुलाला तीन महिन्यांपूर्वी मॉस्कोत आल्याखिन नावाच्या जोडे शिवणाऱ्याकडे काम शिकायला ठेवले आहे. नाताळच्या आदल्या रात्री मालक, मालकीण आणि मोठे कामगार प्रार्थनेला गेल्यावर तो मालकाच्या कपाटातून दौत आणि गंजलेल्या निबेचा टाक काढतो आणि गावी राहणाऱ्या आजोबांना पत्र लिहितो. मार, अर्धपोटी जेवण आणि अपुरी झोप यांची हकिकत सांगून तो विनवतो की मला येथून घेऊन जा, नाहीतर मी मरून जाईन. पाकिटावर तो पत्ता लिहितो, ‘गावी, आजोबांना’. मग डोके खाजवून, थोडा विचार करून आजोबांचे नाव, कोन्स्तान्तिन माकारिच, त्यात जोडतो. धावत जाऊन पत्र पेटीत टाकतो, तासाभराने गाढ झोपी जातो आणि स्वप्न पाहतो. कथा तेथेच संपते.

मंडळातील एका ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे असे की नाताळच्या कथेत कोणाचे तरी मन बदलते, कोणाला तरी मदत मिळते, निदान थंडीत उभ्या असलेल्या मुलासाठी एखादे दार उघडते. येथे यातले काहीच घडत नाही, त्यामुळे नाताळ या कथेत केवळ तारखेपुरता आहे. दुसऱ्या एका सदस्यांना कथा निव्वळ रडवण्यासाठी लिहिल्यासारखी वाटली. माझा स्वतःचा प्रश्न वेगळा आहे. अवघ्या चार-पाच पानांच्या कथेत चेकॉव्हने आजोबांच्या दोन कुत्र्यांवर एवढी जागा का खर्च केली असावी? ज्या लेखकाला एक वाक्यही जास्तीचे लिहिणे आवडत नसे, त्याने हे सहज केले असेल असे मला वाटत नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

वाघूर (जळगाव)

बोरीताई, आपल्या ज्येष्ठ सदस्यांच्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण तो कथेच्या जन्माशीच जोडलेला आहे. ‘वांका’ १८८६ साली २५ डिसेंबरला सेंट पीटर्सबर्गच्या एका दैनिकात, नाताळच्या कथांसाठी राखलेल्या सदरात छापून आली. (रशियात तेव्हा जुनी ज्युलियन कालगणना चालू होती, आपल्या कॅलेंडरप्रमाणे तो दिवस ६ जानेवारी १८८७ हा येतो.) म्हणजे सणाच्या सकाळी ज्यांनी ते वृत्तपत्र उघडले, त्यांच्या मनात एक ठरलेला साचा आधीपासून होता. १८४३ मध्ये डिकन्सने कंजूष सावकाराचे मन एका रात्रीत पालटणारी कथा लिहिल्यापासून हा साचा युरोपभर रूढ झाला होता, आणि रशियन नियतकालिकेही डिसेंबरच्या अंकांसाठी लेखकांकडून तशाच कथा मागवीत असत.

त्या साच्यातील जवळजवळ प्रत्येक वस्तू चेकॉव्हने ठेवली आहे. पोरके मूल आहे, कडाक्याची थंडी आहे, चर्चमधील प्रार्थना आहे, जमीनदाराच्या घरी सजवले जाणारे झाड आहे. भेटवस्तूही आहे, कारण त्या झाडावरचा सोनेरी वर्खाचा एक अक्रोड आपल्यासाठी घेऊन हिरव्या पेटीत ठेवा, असे वांका आजोबांना आवर्जून लिहितो. फक्त या सगळ्या वस्तू मुलापासून लांब ठेवलेल्या आहेत. झाड गावी आहे, प्रार्थना मालकाच्या वाट्याला गेली आहे, आणि अक्रोड मिळेल की नाही हे जमीनदाराच्या घरातील ओल्गा इग्नात्येव्हना या तरुण बाईंच्या मर्जीवर आहे. चांदणीचेही तसेच. नाताळात चांदणी घेऊन फिरण्याची रीत येथील मुले पाळत नाहीत, असे वांका मॉस्कोबद्दल लिहितो, आणि त्याच्या मनातल्या गावावर मात्र आकाशगंगा अशी लख्ख दिसते की जणू सणासाठी ती बर्फाने घासून धुतली आहे. सण चहूकडे असून या एका मुलापर्यंत तो पोचत नाही, हा कथेचा विषयच आहे. तेव्हा नाताळची रात्र काढून दुसरी कोणतीही रात्र तेथे घालता येणार नाही.

आता रचनेकडे पाहू. कथेत दोन धारा आलटून पालटून वाहतात, एक पत्राची आणि दुसरी आठवणीची. वांका दोनचार ओळी लिहितो, मग काळोख्या खिडकीकडे पाहतो, आणि आजोबा त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहतात. पत्रात दुःख आहे आणि आठवणीत सुख आहे, एवढे तर कोणाच्याही लक्षात येईल. त्याहून महत्त्वाचे मला असे वाटते की आजोबांना जे ठाऊक नाही तेवढेच वांका लिहितो. जे दोघांनाही ठाऊक आहे, म्हणजे झाड आणायला जंगलात गेलेला दिवस, बर्फातून उसळी मारून पळालेला ससा, आजोबांची आरोळी, ते लिहिण्याची त्याला गरजच वाटत नाही. त्यामुळे त्याच्या आयुष्यातला सर्वांत उजळ भाग कागदावर कधी उतरत नाही, आणि तो वाचायला मिळतो फक्त आपल्याला. शेवटच्या स्वप्नात आजोबा शेगडीच्या कट्ट्यावर अनवाणी पाय सोडून बसले आहेत आणि स्वयंपाकिणींना पत्र वाचून दाखवत आहेत. दोन्ही धारा तेथे पहिल्यांदा आणि शेवटच्यांदा एकत्र येतात.

आणखी दोन तपशिलांवर बैठकीत अवश्य थांबावे. कागद बाकावर ठेवून वांका त्याच्यापुढे गुडघे टेकून लिहितो, आणि लिहायला लागण्यापूर्वी एकदा काळवंडलेल्या देवाच्या चित्राकडे चोरून पाहतो. त्याच घटकेला मालक चर्चमध्ये आहे. यावर भाष्य करण्याचा मोह दुसऱ्या कोणाही लेखकाला आवरला नसता. चेकॉव्ह एक शब्द बोलत नाही. दुसरा तपशील पत्रातलाच आहे. पायी गावाकडे पळून जाण्याचा विचार मनात आला होता, पण बूट नाहीत आणि थंडीची भीती वाटते, असे वांका लिहितो. जोडे शिवणाऱ्याच्या घरात राबणाऱ्या मुलाला बूट नाहीत, ही गोष्ट तो तक्रार म्हणूनही मांडत नाही, केवळ न येण्याचे कारण म्हणून सांगून पुढच्या वाक्याकडे वळतो.

रडवण्याच्या आरोपाबद्दल एवढेच म्हणेन की आंडरसनची काड्यापेट्या विकणारी मुलगी (१८४५) वर्षाच्या शेवटच्या रात्री गोठून मरते, पण तिला न्यायला आजी येते आणि लेखक वाचकाचा हात धरून तिला स्वर्गापर्यंत पोचवतो. वांका मरत नाही. तो सकाळी उठणार आहे, आणि उठल्यावर समोर आल्याखिन असणार आहे. ज्या लेखकाला फक्त आपले डोळे ओले करायचे असते, त्याने हा दुसरा दिवस आपल्यावर सोडला नसता.

पांझरा (धुळे)

वाघूर सरांचे विवेचन मला मान्य आहे. बोरीताईंचा कुत्र्यांचा प्रश्न मात्र अजून शिल्लक आहे, आणि माझ्या मते कथेची किल्ली तेथेच आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

दोन कुत्र्यांपैकी काश्तान्का ही म्हातारी कुत्री आहे, आणि व्यून हा काळ्या रंगाचा, लांबट अंगाचा कुत्रा आहे. आजोबा दोघांनाही तपकीर हुंगवतात. काश्तान्का शिंकते, नाक मुरडते आणि अपमान झाल्यासारखी बाजूला जाते. व्यून आदरापोटी शिंकत नाही आणि शेपूट हलवतो. चेकॉव्ह पुढे सांगतो की आपल्यांशी आणि परक्यांशी सारख्याच गोडीने वागणाऱ्या या कुत्र्यावर कोणाचा विश्वास नाही, कारण त्या नम्रतेखाली अत्यंत कावेबाज दुष्टपणा दडलेला आहे. दबकत येऊन पायाचा चावा घेणे, बर्फकोठीत शिरणे, एखाद्या शेतकऱ्याची कोंबडी पळवणे यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. मागचे पाय मोडेपर्यंत त्याला अनेकदा मारले आहे, दोनदा फासावर टांगले आहे, दर आठवड्याला अर्धमेला होईपर्यंत झोडपले जाते, आणि तरी तो दर वेळी जगतो.

आता हे वर्णन बाजूला ठेवून वांकाची दिनचर्या वाचावी. पाळणा हलवता हलवता डोळा लागला म्हणून मालकाने केसांना धरून अंगणात ओढले आणि पट्ट्याने मारले. हेरिंग मासा शेपटीकडून साफ करायला घेतला म्हणून मालकिणीने त्याच माशाचे तोंड त्याच्या तोंडावर घासले. मोठे कामगार त्याला दारू आणायला पिटाळतात आणि मालकाच्या काकड्या चोरायला लावतात. आणि सुटकेसाठी वांका आजोबांना काय देऊ करतो? तुमची तपकीर कुटून देईन, तुमच्यासाठी प्रार्थना करीन, काही चुकले तर मला हवे तसे फटकवा. काम नाही म्हणाल तर कारभाऱ्याच्या पाया पडून बूट पुसायचे काम मागेन, नाहीतर गुराखी पोराच्या जागी जाईन. व्यून जे शेपटीने बोलतो, तेच हा मुलगा पत्रात लिहितो आहे. मार खाऊन जगणाऱ्या प्राण्याला जगण्यासाठी कोणते गुण शिकावे लागतात हे चेकॉव्हने आधी कुत्र्यात दाखवले आणि मग नऊ वर्षांच्या मुलाला त्या वाटेच्या तोंडाशी उभे केले. काकड्यांची चोरी सुरू झालेलीच आहे. कावेबाजपणा मात्र अजून आलेला नाही, कारण तो अजून मनापासून लिहितो, मनापासून मागतो.

म्हणूनच शेवटच्या वाक्यात आजोबा नाहीत, व्यून आहे. स्वप्नात शेगडीजवळ तो फिरतो आहे आणि शेपूट हलवतो आहे, आणि त्या हालचालीवर कथा थांबते. बहुतेक वाचक हा शेवट उबदार मानतात, आणि उब त्यात आहेच. पण ज्याने व्यूनचे आधीचे वर्णन विसरलेले नाही, त्याला त्या हलणाऱ्या शेपटीकडे पाहून निर्धास्त होता येत नाही.

आजोबांबद्दलही एक शंका नोंदवतो. वांकाच्या आठवणीतले आजोबा हसरे आणि प्रेमळ आहेत, पण चेकॉव्हने त्यांना दारूने तरारलेले डोळे दिले आहेत, आणि दासींना चिमटे काढणे, स्वयंपाकिणींशी थट्टा करत बसणे हा त्यांचा दिनक्रम आहे. वांकाची आई पेलागेया त्याच घरात दासी होती. ती वारल्यावर वांकाला आजोबांजवळ नोकरांच्या स्वयंपाकघरात पाठवण्यात आले आणि तेथून मॉस्कोला पाठवण्यात आले, असे एकाच वाक्यात सांगितले आहे. कोणी पाठवले, हे चेकॉव्ह सांगत नाही. आजोबांनी तेव्हा विरोध केल्याचा उल्लेखही नाही. म्हणून मला वाटते की पत्ता पूर्ण असता आणि पत्र पोचले असते, तरी वांका मॉस्कोतच राहिला असता. पत्ता अपुरा ठेवून चेकॉव्हने आजोबांची परीक्षा टाळली आहे, आणि वाचकांवर केलेली त्याची एकमेव दया हीच आहे.

रंगावली (नवापूर)

मी नवापूर तालुक्यात आश्रमशाळेत शिकवते. आमच्याकडे पुष्कळ मुले ख्रिस्ती कुटुंबांतली आहेत, त्यामुळे नाताळ हा आमच्या शाळेत पुस्तकातला सण नाही. यातील काहींचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. सणाला घरी कोण असेल, हा प्रश्न डिसेंबर लागला की वर्गात असतोच. अशा मुलांसमोर ही कथा वाचावी की नाही याचा मी बराच विचार केला आणि शेवटी सातवीच्या वर्गात वाचली.

मोठ्या माणसांना पत्त्याच्या जागी धक्का बसतो. माझ्या वर्गाला बसला नाही. पाकिटावर आजोबांचे नाव आहे, मग पत्र का पोचणार नाही, असे त्यांनी मला विचारले. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड आहे, तरी पाड्यावर माणूस सापडतो तो नावाने आणि बापाच्या नावाने. मी समजावून सांगू लागले तेव्हा एका मुलीने मध्येच सांगितले की त्याने गावाचे नाव लिहिले नाही, कारण त्याला दुसरे गावच माहीत नाही. मी या कथेवर वाचलेल्या कोणत्याही लेखात इतके नेमके काही वाचलेले नाही. वांकाच्या जगात गाव एकच आहे आणि आजोबाही एकच आहेत. त्या जगापुरता पत्ता पुरेसा आहे. टपालाची माहिती त्याला मटणाच्या दुकानातल्या नोकरांनी दिली, आदल्या दिवशी विचारपूस करून त्याने एका कोपेकला पाकीट विकत घेतले, मालक बाहेर जाण्याची वेळ साधली. एवढ्या विचाराने काम करणाऱ्या मुलाला भोळा म्हणणे मला पटत नाही. त्याने स्वतःच्या हातात होते ते सगळे केले. पत्त्यात जे कमी पडले, ते त्याला कोणीतरी सांगायला हवे होते. ओल्गा इग्नात्येव्हनांनी त्याला लिहायला, वाचायला, शंभरपर्यंत मोजायला आणि क्वाद्रिल नावाचे नृत्य करायलासुद्धा शिकवले. पत्र कसे पाठवायचे हे शिकवले नाही. शिक्षिका म्हणून ती यादी मला फार टोचते.

पांझरा यांच्या आजोबांविषयीच्या मताशी मात्र मी सहमत नाही. आजोबा सुमारे ६५ वर्षांचे आहेत. कथा तिच्या प्रकाशनाच्याच काळातली मानली, तर त्यांची पहिली चाळीस वर्षे भूदासपद्धतीत (शेतकऱ्याला जमीनदाराच्या मालकीचा मानणाऱ्या पद्धतीत) गेली, कारण रशियातील ती पद्धत १८६१ साली रद्द झाली. जमीनदाराच्या वाड्यावरचा रात्रीचा पहारेकरी म्हणजे ज्याचे स्वतःचे घर नाही, झोपायची जागाही नोकरांच्या स्वयंपाकघरात आहे, असा माणूस. नातवाला कोठे ठेवायचे हे त्याने ठरवले नसावे आणि ठरवण्याचा अधिकारही त्याला नसावा. चेकॉव्हचे आजोबा स्वतः भूदास होते आणि १८४१ मध्ये त्यांनी पैसे भरून कुटुंबाची मुक्तता करून घेतली होती; असा माणूस कशावर हक्क सांगू शकतो आणि कशावर नाही, हे लेखकाला घरातूनच माहीत होते. ‘पाठवण्यात आले’ या वाक्यात कर्ता नाही, त्याचा अर्थ मी असा लावते की तेथे आजोबांचा हात नव्हता. आमच्याकडे उसाला जाताना मूल शाळेत ठेवून जाणाऱ्या आईबापांना मी दर वर्षी पाहते, आणि त्यांचे प्रेम कमी आहे असे म्हणण्याचे धैर्य मला कधीही होणार नाही.

बोरी (अमळनेर)

सर्वांचे मनापासून आभार. व्यूनचे स्पष्टीकरण वाचून मी कथा पुन्हा वाचली, आणि जंगलातल्या प्रसंगातील एक ओळ आता वेगळी दिसू लागली: गोठलेल्या बर्फाने वेढलेली कोवळी झाडे आपल्यापैकी आज कोणी मरायचे याची वाट पाहत निश्चल उभी आहेत. सणाचे झाड जेथून येते तेथेच चेकॉव्हने ही ओळ ठेवली आहे, आणि तीही वांकाच्या सर्वांत आनंदाच्या आठवणीत.

आमच्या सदस्यांची अडचण मला थोडी समजू लागली आहे. साने गुरुजी ज्या गावात शिक्षक होते त्या गावचे आम्ही वाचक. ‘श्यामची आई’ आमच्या कानांवर लहानपणापासून आहे. तेथे मुलाच्या रडण्याला उत्तर देणारे कोणीतरी नेहमी जवळ असते, रागावले तरी जवळ घेणारे. ‘वांका’त ती जागा रिकामी आहे, आणि आमचे वाचन पुन्हा पुन्हा त्या रिकाम्या जागेशी येऊन अडखळते. आजोबांबद्दल पांझरा आणि रंगावलीताई यांच्यात जो मतभेद आहे, तो मी बैठकीत जसाच्या तसा मांडणार आहे.

आणखी एक विचारते. कथा मोठ्याने वाचताना दोनतीन ठिकाणी श्रोते हसतील, याची मला भीती वाटते. हेरिंगच्या प्रसंगाला, आणि दारू प्यालेले गाडीवान घंटा वाजवत साऱ्या पृथ्वीवर पत्रे पोचवतात या वाक्याला तर नक्कीच. अशा जागा गंभीर आवाजात वाचून हसू टाळावे का?

वाघूर (जळगाव)

बोरीताई, हसू टाळू नका. चेकॉव्ह त्या काळात अंतोशा चेखोन्ते या टोपणनावाने विनोदी साप्ताहिकांसाठी शेकड्याने मजकूर लिहीत होता, आणि त्याच १८८६ च्या मार्चमध्ये ग्रिगोरोविच या ज्येष्ठ लेखकाने पत्र लिहून त्याला आपल्या प्रतिभेची किंमत ओळखण्यास सांगितले होते. ‘वांका’त विनोदाचा हात तसाच आहे, फक्त तो वेगळ्या कामाला लावला आहे. पत्राचा मधला भाग पाहा. मला घेऊन जा असे कळवळून लिहिता लिहिता वांका मॉस्कोचे वर्णन करण्यात रमतो: येथे मेंढ्या नाहीत, कुत्री चावरी नाहीत, दुकानात गळ विकायला आहेत आणि त्यांतला एक एवढा मजबूत आहे की एक पूड, म्हणजे सुमारे १६ किलोचा मासा पेलेल, बंदुका तर शंभर शंभर रूबलच्या असाव्यात. मार खाल्लेला मुलगा दुकानाच्या काचेसमोर उभा राहून गळ पाहत राहिला होता, हे आपल्याला या ओळींतून कळते. हसू आले तरच ते कळते.

तुलनेसाठी मंडळाने चेकॉव्हची १८८८ मधली ‘झोप येते आहे’ ही कथाही हाताशी ठेवावी. तेथेही जोडे शिवणाऱ्याचेच घर आहे, पाळणा आहे आणि झोपेने मोडून पडलेली तेरा वर्षांची वार्का आहे. पण तेथे पत्र नाही, गावाची सुखाची आठवण नाही, आणि अखेरीस तिच्या हातून त्या बाळाचा जीव जातो. दोन्ही कथा लागोपाठ वाचल्यावर वांकाच्या दौतीचे आणि मळक्या कागदाचे मोल काय आहे, यावर आपल्या ज्येष्ठ सदस्यांशी बोलता येईल. वाचताना हेरिंगचा प्रसंग वेगळा काढून रंगवू नये. वांकाने तो ज्या दमात लिहिला आहे त्याच दमात, मागच्या मारापासून पुढच्या काकड्यांपर्यंत, न थांबता वाचावा.